जोह्याच्या फळीवरचे उंदीर

बडोद्याची माणसं पेणला जातात ती गणपती आणायला, नाही तर पापड-पोहे आणायला. मी गेलो होतो माझ्या मुलीला बघायला. परत आल्यावर दुकानात जो येतो तो विचारतो, काय आणलंत? म्हणून म्हटलं, एकदाच काय ते लिहून टाकावं.

आधी प्रकरण सांगतो. माझं बडोद्यात फोटो-फ्रेमचं दुकान आहे. बायको सुप्रिया जोह्याची. जोहे म्हणजे पेणजवळचं मूर्तिकारांचं गाव. दोन दिवाळ्यांपूर्वी ती रेवाला घेऊन सुट्टीला म्हणून माहेरी गेली, ती परतलीच नाही. भांडण कशावरून झालं ते विचारू नका. मी सांगितलं तर मी बरोबर वाटेन आणि तिने सांगितलं तर ती. रेवाचा ताबा मिळावा म्हणून मी बडोद्याच्या कोर्टात अर्ज केला. तिच्या वकिलाने उभं राहून पहिलंच वाक्य म्हटलं, की हे कोर्टच चुकीचं आहे. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्याच कोर्टाला त्याच्या ताब्याचा निवाडा करता येतो, आणि हे मूल राहतं रायगड जिल्ह्यात. झालं! पुढे वर्षभर आम्ही भांडलो ते मुलीने कुणाकडे राहावं यावर नाही, तर ती राहते कुठे यावर. आई कशी, बाप कसा, हे कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शेवटी कोर्टाने माझा अर्ज माझ्याच हातात परत ठेवला आणि सांगितलं, तिकडच्या कोर्टात न्या.

माझे वकील म्हणाले, अहमदाबादला अपील करू, अजून मुदत आहे. रेवा बडोद्यात जन्मली, बालवाडीत बडोद्यात गेली, तिची सायकल अजून बडोद्याच्या जिन्याखाली उभी आहे. ती राहते बडोद्यातच, सध्या फक्त तिकडे आहे, असा आमचा मुद्दा. शेजारच्या दुकानातला माझा दोस्त भरत याला मात्र अपील वगैरे पसंत नव्हतं. त्याचं म्हणणं, एकदा पोरगी इथे आली की ती इथे राहते असं झालंच, मग त्यांना येऊ दे बडोद्याला हेलपाटे घालत. बोलून थांबला असता तर तो भरत कसला. गुजरातची ती गाडी पेणला थांबत नाही, म्हणून रोह्याहून बडोद्याची रविवार दुपारची दोन तिकिटं काढून त्याने माझ्या फोनवर पाठवून दिली. मी हो म्हटलं नाही, पण नकोही म्हटलं नाही.

पेण, शनिवार

प्रवासाचं वर्णन करत नाही. बडोदं ते पनवेल मी झोपलो होतो आणि पनवेल ते पेण उभा होतो.

पेणच्या एसटी स्टँडबाहेर उतरलो आणि नाकात भाजक्या पोह्यांचा वास शिरला. इथे पोहे करतात, आम्ही नुसते खातो. आमच्याकडे पोह्यांवर शेव, डाळिंबाचे दाणे आणि वर पुन्हा साखर. इथे एका हॉटेलात बशी मागवली तर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला पोह्याचा पापड आणि बस्स. मी सवयीने म्हटलं, थोडी शेव द्या ना. मालक म्हणाला, "पाव्हणे गुजरातचे काय?" मी म्हटलं, मी मराठीच आहे हो, तीन पिढ्या बडोद्यात. तो म्हणाला, "म्हंजे तिकडचेच." त्याचा काही वाईट हेतू नव्हता, पण कोर्टाने दिलेला निकाल पुन्हा एकदा बशीतून समोर आल्यासारखं झालं.

रेवासाठी काय न्यावं, यावर बाजारात बराच घोटाळलो. फ्रॉक घ्यावा तर माप माहीत नाही. दुकानदारीण विचारते, केवढी आहे? मी हात कमरेशी धरला. मग वाटलं, नाही, आता वाढली असेल, म्हणून थोडा वर केला. मग अजून थोडा. बाई माझ्या हाताकडे बघत राहिली. शेवटी मी रंगीत खडूंची पेटी घेतली आणि बाहेर पडलो. स्वतःच्या पोरीची उंची सांगता येऊ नये, याचा त्या दिवशी मला इतका राग आला की मिनीडोरवाल्याशी उगाच भांडलो.

जोहे

मिनीडोर म्हणजे आमच्याकडच्या तीनचाकी छकडा-रिक्षाची इकडची बहीण. सहा माणसांची जागा, दहा माणसं आणि एक ताडपत्रीत गुंडाळलेला लंबोदर. तो माझ्या मांडीवर. वाटेत भाताची कापलेली शेतं, त्यात वालाची हिरवी रोपं, आणि लांब डोलवीकडच्या कंपनीचा धूर. जोह्यात शिरलं की घरं कमी आणि गणपती जास्त. ओटीवर, पडवीत, छपरावर, सगळीकडे पांढरेफटक, बिनरंगाचे गणपती. मी लग्नाआधी दरवर्षी ट्रक घेऊन इथे यायचो, बडोद्याच्या मंडळांसाठी. तेव्हाच सुप्रिया दिसली. आखणीला बसली होती, गणपतीचे डोळे काढत. असो.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. पूर्वी मी आलो की 'या जावईबापू' असं आख्ख्या गल्लीला ऐकू जायचं आणि संध्याकाळी जिताडा शिजायचा. जिताडा हा खाडीकडचा मानाचा मासा, जावयाशिवाय फारसा कुणाच्या नशिबात नसतो. या वेळी नाना म्हणाले, "बसा." त्यात ना जावई होता ना बापू. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेल्या.

मग रेवा आली.

तिचे हात कोपरापर्यंत शाडूने भरले होते. मला बघून ती थांबली, हात फ्रॉकला पुसले, आणि मग पळत येऊन पोटाला बिलगली. मी तिचं डोकं हुंगलं. पूर्वी तेलाचा आणि दुधाचा वास यायचा, आता ओल्या मातीचा येत होता. केवढी झाली होती! दुकानात धरलेला माझा हात दोनदा वर करूनही खालीच राहिला होता. मी लाडाने गुजरातीत विचारलं, केम छे दीकरा? ती हसली, लाजली आणि म्हणाली, "बरी हाय." मला रडूच आलं, पण मी शिंकल्यासारखं केलं.

तिने मला लगेच कारखान्यात ओढत नेलं. तिच्याकडे उंदरांचं काम होतं. गणपतीच्या पायाशी बसतो तो उंदीर. लहान मुलांना इथे आधी उंदीर शिकवतात. साच्यात माती दाबायची, अलगद काढायची, सुरीने शिवण पुसायची आणि फळीवर सावलीत ओळीने मांडायची. एका कुशीवर सुकले की दुसऱ्या कुशीवर उलटायचे. नाही तर एक बाजू आधी आटते आणि उंदीर पाठीतून तडकतो. आणि नानांच्या कारखान्यात एक पक्का दंडक आहे, ज्याने जे साच्यातून पाडलं त्यानेच ते उलटायचं. ओल किती राहिली ते करणाऱ्याच्याच बोटांना कळतं म्हणे. रेवाने मला हात लावू दिला नाही. लांबून बघायची परवानगी होती.

शाडूची पोती भिंतीशी रचलेली होती. शाडू येतो आमच्या गुजरातेतून, भावनगरकडून. मला राहवलं नाही. मी नानांना म्हटलं, बघा, माती तर आमच्याकडचीच आहे.

नानांनी कामावरून डोळे उचलले नाहीत. "माती तिकडची हाय, नाय कोन म्हनतो? पन पानी इथलं लागलं."

माझ्या वकिलांना यावर उत्तर देता आलं असतं की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी शेतात पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा आणि जाडं मीठ, सगळं मडक्यात भरायचं, तोंड भांबुर्ड्याच्या पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि वरून पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब आत घालायचा नाही. मी बघतच राहिलो, कारण हे तर आमचं उंबाडियुं! वलसाडच्या हायवेवर थंडीत अशीच उपडी मडकी धुमसत असतात, फक्त आत हिरवा मसाला असतो आणि सोबत ताक. रेवा चार वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन आम्ही तिथे उभे राहिलो होतो. मी तिला विचारलं, आठवतं? ती म्हणाली, व्हय, तिथे उंट होता. उंट नव्हता. पण मी म्हटलं, हो, होता.

पोपटी झाली का बघायला रेवानेच ओंजळीतून मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र करून पाणी उडालं तशी ती म्हणाली, झाली, काढा. आणि मोठ्या माणसांनी तिचं ऐकून मडकं काढलं. पोपटी वाटेने जाणाऱ्यालाही मिळते, मानाचा मासा नव्हे ती, पण त्या शेंगांची चव अजून जिभेवर आहे. सुप्रिया आगीच्या पलीकडे बसली होती. वर्षभर आम्ही वकिलांच्या तोंडून बोलत होतो, त्यामुळे समोरासमोर काय बोलायचं ते सुचेना. मी रविवारी रेवाला रोह्याला नेऊ का विचारलं. आगगाडीत बसेल, नदी बघेल. तसा तिच्यावर काही हुकूम नव्हता. नाही म्हणाली असती तर मी काहीही करू शकलो नसतो. तिने बराच वेळ शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "न्या. दिवे लागायच्या आत आणा."

रोहा, रविवार

पेणहून रोह्याची गाडी रिकामी होती. रेवाने खिडकी घेतली आणि कासू, नागोठणे अशी स्टेशनं मोठ्याने वाचत गेली. मराठी पाटी वाचायची, मग इंग्रजी. बालवाडीत असताना तिला मी गुजराती अक्षरं शिकवली होती. मी बोटाने काचेवर तिचं नाव गुजरातीत काढलं. तिने वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, अर्धं येतं.

रोहा मला आवडलं. कुंडलिका नदी गावाला लागून शांत वाहते. काठावर बसून आम्ही वडापाव खाल्ला. रेवा बदकांच्या मागे गेली आणि एका पायाची चप्पल पाण्यात घालवून आली. नवी चप्पल घेण्यात तास गेला, कारण बाईसाहेबांना गुलाबीच हवी होती. तो तास मला सगळ्या प्रवासात सर्वांत गोड वाटला. माझी मुलगी माझ्याशी हट्ट करत होती आणि मी नाही म्हणत होतो आणि मग हो म्हणत होतो. घरोघरचे बाप हे रोज करतात आणि वैतागतात. मेल्यांना अक्कल नाही.

मग धावीर महाराजांच्या देवळात गेलो. रोह्याचं हे ग्रामदैवत. दसऱ्याच्या सुमारास पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन देवाला सलामी देतात, असं पुजाऱ्याने सांगितलं. असा देव मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि खिशातल्या फोनमध्ये ती दोन तिकिटं. मी घाईघाईने नमस्कार केला आणि नजर वर न करता बाहेर आलो.

स्टेशनवर लवकर पोचलो. पेणला परतणारी गाडी यायला अवकाश होता, आणि त्याआधी गुजरातची. रोह्याला कोकण रेल्वे संपते आणि पुढे दुसऱ्या रेल्वेची हद्द लागते. गाडी मात्र तीच, डबे तेच, बसलेल्या माणसाला काही कळतही नाही. आम्ही बाकावर बसलो. रेवा पाय हलवत नव्या चपला बघत होती. घोषणा झाली. मी तिचा हात धरला.

"रेवा, बडोद्याला येतेस? आत्ता?"

तिचे डोळे मोठे झाले. "व्हय? बडोद्याच्या आजीकडे?"

"आजीकडे. तुझी सायकल आहे तिथे."

"अजून हाय?" ती उठून उभीच राहिली. माझा जीव सुपाएवढा झाला! दोन वर्षं ज्यासाठी झुरलो ते पोर आपणहून उभं राहिलं होतं. गाडी दिसू लागली. आणि ती म्हणाली, "चला पप्पा, आधी घरी जाऊ. माझे उंदीर उलटायचेत. मग जाऊ बडोद्याला."

मी म्हटलं, उंदीर कुणीतरी उलटेल गं. नाना आहेत, मम्मी आहे.

"नाय ना. माझे मीच उलटायचे. सकाळपासून एका कुशीवर हायत." तिचा चेहरा खरोखर चिंतेने उतरला. "रात्र झाली तर तडकतील सगळे."

गाडी येऊन थांबली. डब्याचं दार आमच्या बरोब्बर समोर. आत एक बाई थेपल्यांचा डबा उघडून बसली होती, तो वास आला, माझ्या घराचा वास. रेवा माझा हात ओढत होती, पण उलट्या बाजूला, पेणच्या गाडीची वाट बघत बसलो होतो त्या बाकाकडे. वर्षभर दोन राज्यांचे वकील ज्यावर घसा कोरडा करत होते, ते तिने एका शब्दात सांगून टाकलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता. आधी घरी. मी कितीही कायदा काढला तरी तिच्या जिवाचं काम त्या फळीवर पडलं होतं.

शिट्टी झाली. एक पाऊल टाकलं असतं तर चढलो असतो. नाही टाकलं. शहाणपणा आला म्हणून नाही हो. गाडीत बसून रात्रभर ती उंदरांसाठी रडली असती आणि मी तिला काय सांगितलं असतं, ते मला सुचेना, म्हणून. गाडी गेली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी तिकडे बघत होतो. रेवाने विचारलं, "ती बडोद्याची होती?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग उद्याची घेऊ.

पुन्हा जोहे

दिवे लागायला थोडा वेळ होता. नाक्यावर सुप्रिया उभी होती. घरी थांबली नव्हती, नाक्यावर येऊन उभी होती, आणि तिचे हात आखणीच्या रंगाने तसेच माखलेले होते. रेवा मिनीडोरमधून उडी मारून थेट कारखान्याकडे पळाली. आम्ही दोघं राहिलो. सुप्रियाने माझ्याकडे नीट पाहिलं.

"गुजरातची गाडी गेली का?"

लग्नानंतर तिच्या माहेरून परतताना आम्ही रोह्याहून हीच गाडी धरायचो. ती गाडी मला माहीत असेल आणि तिला नसेल, हे मी कसं गृहीत धरलं देव जाणे. मी रोहा म्हटलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं, आणि तरी तिने पोर माझ्या हाती दिली होती.

मी म्हटलं, "गेली."

"बरं," ती म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं, तेव्हा गालाला रंग लागला. मग म्हणाली, "चला, चहा ठेवते."

कारखान्यात रेवा उकिडवी बसून उंदीर उलटत होती. एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवायची, मग उलटायची. मी शेजारी बसलो आणि न विचारता एक उचलला. लागलीच त्याची शेपटी माझ्या हातात आली. अशी तापली माझ्यावर! "पप्पा, सांगितलं होतं ना हात नाय लावायचा!" सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. रेवाने पाण्याचं बोट लावून शेपटी परत चिकटवली, पण ती जरा वाकडीच बसली. मी म्हटलं, मोडलेलाच आहे, तो मला दे, मी बडोद्याला नेतो. तिने विचार केला. मग नाही म्हणून मान हलवली. नानांनी गणपतींना पुरतील तेवढेच पाडायला सांगितले होते. "तुम्हाला दिला तर एक गणपती उंदराशिवाय जाईल, पप्पा."

रात्री ताटात जिताडा होता. मी काटे काढत खात राहिलो.

सोमवारी पेणच्या स्टँडवरून वकिलांना फोन केला. ते अपिलाचं सांगू लागले. मी म्हटलं, अपील नको, अलिबागच्या जिल्हा कोर्टात अर्ज टाका. ते म्हणाले, मग मूल तिकडे राहतं हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. मी म्हटलं, "लिहा साहेब. राहणार जोहे, तालुका पेण, जिल्हा रायगड." पत्ता दोनदा सांगितला.

आता अलिबागला तारखा चालू आहेत. मी दर तारखेला जातो, आदल्या दिवशी जोह्याला थांबतो. निकाल काय लागेल माहीत नाही. रेवा हवीशी वाटते ती दिवसातून कितीदा, ते सांगत नाही. जिन्याखालची सायकल पुसली आणि सीट वर केली, एवढं केलं. भरत अजून मला वेड्यात काढतो.

भाद्रपदात बडोद्याच्या बाजारात जोह्याचे गणपती आले. मी कामधाम सोडून दुकानादुकानांतून फिरतो, मूर्तीसमोर उकिडवा बसतो आणि वाकड्या शेपटीचा उंदीर शोधतो. काल एक दुकानदार वैतागून म्हणाला, भाई, दर्शन वर आहे, खाली काय बघता? मी म्हटलं, हो, आणि पुढच्या मूर्तीकडे सरकलो.